आमची बाई झोपणार कुठे?

कांदिवली पश्चिमेला चारकोपमध्ये एक लहानसा नर्सिंग ब्युरो आहे, घरातल्या आजारी माणसासाठी बाई देणारा, त्याचा हा रिव्ह्यू. पाचपैकी चार. नाव लिहीत नाही, कारण ब्युरो चालवणाऱ्या काकूंनीच हात जोडले, “नाव टाकू नका हो, फोन वाढतात आणि तेवढ्या बायका नाहीत माझ्याकडे.” त्याआधी बारा दिवस एका मोठ्या होम केअर कंपनीची सेवा घेतली. तिला दोन. तिचंही नाव नको, उगाच तिथल्या पोरांच्या पगारावर यायचं.

मी या बाबतीत जरा खडूस आहे, कारण माझं पोटच या धंद्यावर आहे. मालाडच्या माइंडस्पेसमध्ये बसून गेली नऊ वर्षं मी अमेरिकेतल्या पेशंटांचं इनटेक करतो, म्हणजे पेशंट घ्यायच्या आधीची कागदांची छाननी आणि चौकशी. होम हेल्थ, म्हणजे घरी जाऊन दिलेली सेवा. ओहायोतल्या कुणी आजी हॉस्पिटलमधून घरी निघाल्या की त्यांचे कागद माझ्या स्क्रीनवर येतात. फॅक्सने. हो, तिकडे अजून फॅक्सच. फेस शीट म्हणजे पेशंटच्या माहितीचं पहिलं पान, डिस्चार्ज समरी, औषधांची यादी, डॉक्टरची ऑर्डर. मग मेडिकेअरचा, म्हणजे तिकडच्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचा, अकरा अक्षरी नंबर टाकून बघायचं की कव्हर चालू आहे का, आणि आजी आधीच दुसऱ्या एजन्सीकडे नोंदलेल्या तर नाहीत ना. डॉक्टरने त्यांना समोरासमोर तपासल्याचा कागद लागतो, सेवा सुरू व्हायच्या आधीच्या ९० दिवसांतला किंवा नंतरच्या ३० दिवसांतला. तो नसेल तर दवाखान्याला फोनावर फोन. मुख्य निदान म्हणून नुसतं ‘स्नायूंचा अशक्तपणा’ लिहिलेलं २०२० पासून चालत नाही, अशक्तपणा कशाने आला ते हवं. डॉक्टरने वेगळी तारीख दिली नसेल तर रेफरल आल्यापासून किंवा पेशंट घरी पोचल्यापासून ४८ तासांत पहिली व्हिजिट. आणि पेशंट घेतल्याची नोटीस पाच दिवसांत मेडिकेअरला गेली नाही तर सेवा सुरू झाल्यापासून नोटीस जाईपर्यंतच्या दर दिवसाचे पैसे कापले जातात. संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन हे काम. हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे जातात, मग आम्हीही तासभर पुढे सरकतो.

जुलैत आई बाथरूममध्ये पडली. वय ७६. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, उजव्या खुब्याखाली मोडलंय, सळी घालावी लागेल. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल तर एस ७२.१४१, या मोडण्याचा आमच्या कागदांवरचा निदानाचा कोड. हॉस्पिटलात असेपर्यंत शेवटी ए, घरी आल्यावर डी. आई स्ट्रेचरवर कण्हत होती आणि मी तिचा कोड लावत होतो. बायकोला हे सांगितलं तर तिने दोन दिवस नीट बोलणं टाकलं.

सहाव्या दिवशी डिस्चार्ज. घरी माणूस हवंच होतं. बायको शाळेत शिक्षिका, मुलगा नववीत, मी दिवसा झोपणारा. हॉस्पिटलच्या काउंटरवरच कंपनीचं पत्रक मिळालं. ॲप छान. फोनवरची मुलगीही गोड. तिने विचारलं: पत्ता, किती तास, बाई हवी की पुरुष, ॲडव्हान्स यूपीआयने करणार का. झालं. चार प्रश्न, तीन मिनिटं. मी स्वतः या धंद्यातला, पण सहा दिवसांची झोप नव्हती. मला त्या वेळी ते सुटसुटीत वाटलं, बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाई आली, गणवेशात, गळ्यात ओळखपत्र. स्वभावाने चांगली होती, हे आधी सांगतो. पण आईला रोज पोटात एक इंजेक्शन होतं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. डिस्चार्जच्या कागदावर ठळक लिहिलेलं, तो कागद मी ॲपवर चढवलेलाही होता. आलेली बाई अटेंडंट. इंजेक्शन देणं तिचं काम नाही आणि तिने देऊही नये. तिने नम्रपणे नाही सांगितलं, ते बरोबरच. फोन केला तर उत्तर आलं की नर्सची व्हिजिट वेगळी ॲड करावी लागेल, सहाशे रुपये, स्लॉट संध्याकाळचा. म्हणजे तो कागद कुणी उघडलाच नव्हता. आमच्या ऑफिसात असं झालं असतं तर माझी क्वालिटीवाली माझ्या डोक्यावर बसली असती.

पुढचं सगळं त्याच जातीचं. आई अस्सल मालवणी, हिंदी तिला टीव्हीवरची कळते, पण बोलता येत नाही. त्या बाईला मराठी अजिबात येईना. तिसऱ्या दिवशी आईने मला उठवून सांगितलं, “ह्या बाईक माझा बोलणा कळणा नाय आणि माका तिचा.” शिवाय बाई शुद्ध शाकाहारी. आमच्याकडे मासे नाहीत असा दिवस सोमवार. ती बिचारी पदर नाकाला लावून गॅलरीत बसायची आणि आई म्हणायची, ही माझा वास येतो म्हणून बाहेर बसते. चूक कुणाचीच नाही, पण दोघीही दुखावलेल्या. रविवारी पश्चिम रेल्वेचा जंबो ब्लॉक, ती पोचली अकराला. जंबो ब्लॉक काही अचानक येत नाही, आदल्या दिवशी पेपरात छापून येतो. कंपनीला ते आठ वाजेपर्यंत कसं कळू नये?

दोन तारे कशाचे, तर सेवा बंद केली तेव्हा उरलेले पैसे विनाकटकट परत आले. आणि बिल व्यवस्थित, जपून ठेवावं असं.

ब्युरोचं नाव नाक्यावरच्या मेडिकलवाल्याने सांगितलं. हॉस्पिटल, ॲप, गूगल हे सगळं आपण आधी करतो आणि मेडिकलवाल्याला शेवटी विचारतो. तो डायपर विकतो, कुणाच्या घरी कोण पडलंय आणि कोण बाई येते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

फोन लावला. मी ऑफिसच्या सवयीने सुरू झालो, पेशंट स्त्री, वय ७६, अमुक शस्त्रक्रिया, आज अठरावा दिवस.

“ते कागदावर असेलच,” काकू म्हणाल्या. “संडास कुठला? भारतीय का कमोड?”

“भारतीय. वर खुर्ची ठेवलीय, भोकाची.”

“बाथरूमचा दरवाजा किती रुंद?”

मला माहीत नव्हतं. चारकोपचं आमचं घर म्हाडाचं, वर्ल्ड बँकेच्या प्रकल्पातलं. खाली स्वयंपाकघर आणि एक खोली, वर बाबांनी नंतर चढवलेली एक. त्या घरात मी मोठा झालो, पण दरवाजा कधी मोजला नव्हता.

“वॉकर आत जातो का?”

बायकोला हाक मारली. ती म्हणाली, जात नाही, दारात अडकतो. इतके दिवस वॉकर बाहेर ठेवून ती बाई आईला काखेत धरून आत नेत होती. ओल्या लादीवरून. सळी घातलेला पाय. मी बारा दिवस त्या घरात होतो, फक्त त्या वेळी झोपलेलो असायचो.

“मग खुर्ची बाहेर आणा, खाटेजवळ,” काकू म्हणाल्या. “लाजत असतील तर पडदा लावा. रात्री किती वेळा उठतात?”

“तीन-चारदा.”

“म्हणजे माझी मावशी रात्री झोपणार नाही. दुपारी तिला दोन तास द्यावे लागतील. तेव्हा घरात कोण?”

“मी असतो. पण मी झोपलेला असतो, नाइट शिफ्ट आहे.”

“दादा, कोणी तरी एकाने जागायला हवं ना.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता मुलगा शाळेतून दीडला येतो आणि आजीच्या खोलीत बसून अभ्यास करतो, निदान वही उघडी ठेवतो.

मग मासे. होतात का, किती दिवस, सुकट भाजता का. “बरं, मग पालघरकडची देते. शाकाहारी दिली तर चार दिवसांत पळेल.” मग कान. आईला डाव्या कानाने बरं ऐकू येतं म्हटल्यावर त्यांनी विचारलं की खाट भिंतीला कुठल्या बाजूने आहे. डावा कान भिंतीकडे होता. “फिरवा. नाहीतर मावशी हाका मारत राहील आणि आईंना वाटेल कोणी लक्ष देत नाही.” खाट फिरवायला दोन मिनिटं लागली. बारा दिवस आम्ही सगळे आईशी ओरडून बोलत होतो.

आणि मग तो प्रश्न, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

“आमची बाई झोपणार कुठे?”

आईच्या खोलीत, गादी घालून, असं मी सांगितलं. पंख्याचा वारा खाली लागतो का? तिच्या पिशवीला कुलपात ठेवायला जागा आहे का? घरात पुरुष किती? रात्री घरी कोण? बाथरूमला आतून कडी आहे का? आईने स्वतःला कोंडून घेऊ नये म्हणून आम्ही कडीच काढून टाकली होती. “आईंसाठी काढलीत ते चांगलं केलं. माझ्या बाईसाठी वर एक लावा, आईंचा हात पोचणार नाही अशी.” लावली. पस्तीस रुपयांची कडी.

पंचवीस मिनिटांच्या फोनमधली शेवटची दहा मिनिटं काकू माझंच इनटेक करत होत्या, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. पेशंट घ्यायचा की नाही हे त्या ठरवत होत्या, म्हणजे आमचं घर घ्यायचं की नाही हे.

आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, केअरगिव्हर. नाव, नातं, फोन. मी हजारो वेळा तिथे ‘मुलगी’ लिहिलंय. मेडिकेअर घरी चोवीस तासांची बाई देत नाही हे इथे कुणाला सांगितलं तर पटत नाही, पण खरं आहे. नर्स येते, फिजिओ आठवड्यातून दोन-तीनदा येतो, अंघोळीपुरती मदतनीस येते, आणि सगळे निघून जातात. उरलेला दिवस आणि अख्खी रात्र त्या रकान्यातल्या मुलीची. ती कुठे झोपते हे मी नऊ वर्षांत एकीलाही विचारलेलं नाही. विचारलं तर टाइप करायला जागाही नाही तिथे.

इंजेक्शनाचं काकूंनी दोन वाक्यांत मिटवलं. “मावशी देणार नाही. माझी सिस्टर सकाळी सातला येऊन देईल, दीडशे रुपये, नाहीतर तिच्याकडून तुम्ही शिका.” सिस्टर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेली. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा फोटो मागितला तर लगेच पाठवला, राग नाही की काही नाही. दोन दिवस तिने दिलं, तिसऱ्या दिवसापासून मी. पोटाची चिमूट धरायची, सुई सरळ आत, नंतर चोळायचं नाही. आई डोळे मिटून ‘रामा रामा’ म्हणायची, माझ्यासाठी म्हणायची की तिच्यासाठी, कळलं नाही.

मावशी आल्या त्या नालासोपाऱ्याहून, मूळ विक्रमगडच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आईला विचारून बोंबलाचं कालवण केलं, जे त्यांच्या कामात बसत नाही आणि पुन्हा करायला आम्ही सांगितलंही नाही. आईचा शेरा आला, “चेडू बरा आसा.” म्हणजे पोरगी चांगली आहे. आईच्या तोंडून हे म्हणजे पाचपैकी साडेपाच. फिजिओ सकाळी येऊन वीस मिनिटांत व्यायाम दाखवून जायचा. मावशी तेच व्यायाम दिवसात आणखी दोनदा करून घ्यायच्या, आईची नातवंडं, गावची भांडणं, कोण कुणाच्या बागेतले आंबे काढतो असं काहीबाही बोलत, म्हणजे मोजणी आईच्या लक्षात येत नसे.

आता एक तारा का कापला.

काकूंचा सगळा कारभार तोंडी. वही नाही, चार्ट नाही. कोणतं औषध किती वाजता दिलं, याची नोंद मावशीच्या डोक्यात. आणि तिथे घोळ झाला, ज्यात निम्म्याहून जास्त माझा हात होता. आईला बीपीसाठी टेल्मिसार्टन आधीपासून चालू. हॉस्पिटलने डिस्चार्जवर तेच औषध वेगळ्या कंपनीचं लिहिलं. जुनी पट्टी डब्यात तशीच. मी मावशींना डबा आणि नवी पिशवी दोन्ही दिलं आणि झोपायला गेलो. दोन दिवस आईला सकाळी एक आणि तेच दुसऱ्या नावाने दुपारी एक. तिला उभं राहिलं की गरगरायचं. मला वाटलं जेवण कमी जातंय. तिसऱ्या दिवशी मावशींनीच दोन्ही पट्ट्या माझ्यासमोर धरल्या. “भाऊ, वरचं नाव वेगळं आहे, पण खाली बारीक लिहिलेलं सारखंच दिसतंय.” दहावी पास बाई, अक्षराला अक्षर लावून बघितलं होतं. डॉक्टरांना फोन केला, एक पट्टी केराच्या डब्यात गेली. जुनी-नवी औषधं जुळवून बघणं हे ज्या धंद्यातलं पहिलं काम, त्यात मी नऊ वर्षं आहे. मी रोज दुसऱ्यांच्या याद्या गोळा करतो, दोन नावं एकाच औषधाची दिसली तर लाल खूण करून नर्सकडे पाठवतो.

तरी तारा ब्युरोचाच कापतो. घरचे झोपेने आणि काळजीने अर्धे झालेले असतात, त्यांच्याकडून चूक होणारच. संडासाचा दरवाजा मोजायला लावणाऱ्या काकूंनी औषधांचा डबा रिकामा करून समोर मांडायला लावला असता तर हे टळलं असतं. मी त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे, आता विचारीन.” त्या रात्री मी दोनशे पानी वहीला रकाने आखले: वेळ, औषध, बीपी, संडास, किती पावलं चालली. मावशी नियमाने भरतात. पावलांच्या रकान्यात आई स्वतः ढवळाढवळ करून आकडा वाढवायला लावते.

पैशांचं. कंपनीचे बारा तासांचे ११५० होते. ब्युरोचे चोवीस तासांचे १०००, वर दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता. त्यातले आठशे मावशींच्या हाती पडतात, हे त्यांनाच विचारलं. चोवीस तासांचे आठशे. हे मला कमी वाटतं, पण मीही त्याच दराने घेतलेली आहे, त्यामुळे याच्यापुढे तोंड उघडायचा मला अधिकार नाही. महिन्याअखेर वर काही देतो, एवढंच. पावतीसाठी चार वेळा आठवण करावी लागली. तशीही आमच्या मेडिक्लेममध्ये डिस्चार्जनंतर ६० दिवसांची औषधं आणि तपासण्या मिळाल्या, बाईचा खर्च नाही. तुमची पॉलिसी काय म्हणते ते बघून घ्या, पण त्या पैशांवर विसंबून हिशेब मांडू नका.

रजेचं मात्र काकू पहिल्या फोनवरच स्पष्ट बोलल्या होत्या. “गणपतीत पाच दिवस माझी एकही बाई मिळणार नाही. आत्ताच सांगते, तेव्हा भांडू नका.” आम्ही भांडलो नाही. सगळे चाकरमानी कोकणात निघालेले आणि माझी बहीण कुडाळहून उलटी मुंबईला आली. कोकणकन्येत आयुष्यात पहिल्यांदा ऐसपैस बसून आले म्हणाली. गावच्या घरातली आरती आईने मोबाइलवर बघितली, आणि आरती संपायच्या आत गुरुजींची चूक काढली.

आता आई वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते. मावशी या महिन्याअखेर दुसऱ्या घरी जाणार, दहिसरला. तिथलं इनटेक काकूंनी परवा केलं, तेव्हा मावशी फोन स्पीकरवर ठेवून ऐकत होत्या. तिकडे चौथा मजला आहे, लिफ्ट बंद असते, पण झोपायला वेगळी खोली आहे. मावशींनी मान डोलावली.

ब्युरो कुणाला हवा असेल तर चारकोपच्या कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा, तो सांगेल. फोन करायच्या आधी बाथरूमचा दरवाजा मोजून ठेवा. आणि दुपारी दोन ते चार करू नका, काकू झोपतात.